अंधारातली उडी: 'पंच'ची व्यंगचित्रं आणि १८६८ची ब्रिटिश निवडणूक

घोड्याच्या धडाला तोंड माणसाचं आहे, आणि ते तोंड बेंजामिन डिझरेलीचं, तेव्हाच्या ब्रिटिश सरकारातल्या बड्या मंत्र्याचं. पाठीवर ब्रिटानिया, म्हणजे खुद्द ब्रिटन देश. तिने हाताने चेहरा झाकून घेतलाय. समोर काटेरी झुडपांची दाट जाळी आणि तिच्यावर एकच शब्द, 'सुधारणा'. घोडा उडी घ्यायच्या बेतात आहे. बाकीचे राजकारणी मागे आपापले घोडे आवरून बघत राहिलेत. जॉन टेनिएलने काढलेलं हे व्यंगचित्र लंडनच्या 'पंच' साप्ताहिकाच्या ३ ऑगस्ट १८६७च्या अंकात पानभर छापून आलं. खाली नाव होतं 'अंधारातली उडी'. ॲलिसच्या गोष्टींची चित्रं काढली ती याच टेनिएलने.

इतिहासाच्या पुस्तकांत हे चित्र हमखास पंतप्रधान लॉर्ड डर्बी यांच्या एका वाक्याशेजारी येतं. मताधिकार वाढवणाऱ्या विधेयकाच्या तिसऱ्या वाचनाच्या वेळी उमराव सभेत त्यांनी कबूल केलं, की हा मोठा प्रयोग आहे आणि आपण अंधारात उडी घेतो आहोत. वाक्य गाजलं. फक्त ते उच्चारलं गेलं ६ ऑगस्टला. चित्राच्या अंकावरची तारीख त्याच्या तीन दिवस आधीची, आणि पंच तर छापील तारखेच्या आधीच वाचकाच्या हातात पडायचा. म्हणजे टेनिएलने डर्बींच्या वाक्यावर चित्र काढलं, ही समजूत तारखांपुढे टिकत नाही. शब्दप्रयोग जुना, चलनातला. पंचने तो आधी चित्रात घातला, पंतप्रधान तो नंतर बोलले.

व्यंगचित्र म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीची टवाळी, असं आपण धरून चालतो. इथे चित्र नेत्याच्या आधी बोललंय. म्हणून हे प्रकरण मला बारकाईने बघण्यासारखं वाटतं. या कायद्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत, १८६८ साली, व्यंगचित्रांनी नेमकं काय केलं? माझं मत असं, की त्यांनी मतं फारशी फिरवली नसावीत. पण निवडणूक कशाबद्दल आहे, हे वाचकांच्या मनात त्यांनी ठरवून टाकलं. आणि ते ठरवताना, ज्याच्यासाठी एवढा कायदा झाला त्या नव्या मतदाराला चौकटीबाहेर ठेवलं.

भांडण कशाचं होतं

१८३२च्या कायद्याने मध्यमवर्गाला मत दिलं होतं, कष्टकऱ्याला बहुतांशी नाही. १८६६मध्ये लिबरल सरकारने विल्यम ग्लॅडस्टनच्या पुढाकाराने मताधिकार थोडा खाली उतरवणारं विधेयक आणलं. त्यांच्याच पक्षातल्या रॉबर्ट लो आणि मंडळींनी ते पाडलं आणि सरकारही गेलं. त्यानंतर २३ जुलै १८६६ला हाइड पार्कचे दरवाजे आंदोलकांसाठी बंद केले, तेव्हा गर्दीच्या रेट्याने पार्कचं लोखंडी कुंपणच आडवं झालं. सत्तेत तोवर आला होता हुजूर पक्ष, तोही अल्पमतात. पंतप्रधान डर्बी, अर्थमंत्री आणि कनिष्ठ सभागृहातला नेता डिझरेली.

मग ज्यांनी लिबरलांचं विधेयक पाडायला हातभार लावला होता, त्यांनीच स्वतःचं विधेयक आणलं. मार्च १८६७मध्ये तीन मंत्री त्यावरून राजीनामे देऊन बाहेर पडले. त्यातला एक होता भारतमंत्री लॉर्ड क्रॅनबोर्न. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागेल. १२ एप्रिलच्या रात्री ग्लॅडस्टनची दुरुस्ती २१ मतांनी पडली आणि डिझरेलीचं पारडं जड झालं.

यापुढचा भाग शुष्क वाटेल, पण सगळी मेख तिथेच आहे. शहरात मत मिळायला घरपट्टी स्वतःच्या नावावर भरलेली असावी लागे. लाखो भाडेकरूंची घरपट्टी घरमालक परस्पर भरत आणि भाड्यात वसूल करत. पैसे भाडेकरूच्या खिशातून जात, पण कागदावर नाव मालकाचं. असे लोक मतदार धरायचे की नाही? १७ मेला हॉजकिन्सन या लिबरल सदस्याने दुरुस्ती सुचवली, की ही परस्पर भरण्याची पद्धतच मोडीत काढा. डिझरेलीने सभागृहात उभं राहून ती मान्य केली, मंत्रिमंडळाला न विचारता. एका संध्याकाळीत मतदारांच्या यादीत लाखोंची भर पडायची सोय झाली. इंग्लंड आणि वेल्समध्ये साधारण दहा लाख मतदार होते, ते वीस लाखांच्या घरात गेले. ग्लॅडस्टनला जे थोडंसं करू दिलं नव्हतं, त्याच्या कितीतरी पट डिझरेलीने करून दाखवलं. त्यात तत्त्व किती आणि ग्लॅडस्टनवर कुरघोडी किती, यावर इतिहासकार अजून भांडतात. मला कुरघोडीचा वाटा मोठा दिसतो.

बुधवारचं जेवण, शुक्रवारचा ठोकळा

पंचमधलं मोठं राजकीय चित्र एकट्या चित्रकाराच्या डोक्यातून येत नसे. दर बुधवारी संध्याकाळी संपादक, लेखक, चित्रकार आणि मालक एका मेजाभोवती जेवायला बसत. जेवण उरकलं, चिरूट पेटले, की पुढच्या अंकाचं 'मोठं चित्र' काय असावं यावर खल व्हायचा. विषय, रूपक, खालची ओळ, सगळं तिथे ठरे. हेन्री सिल्व्हर हा तिथला एक सदस्य या गप्पांची रोजनिशी ठेवायचा, म्हणून मेजावरचे बरेच वाद आज वाचायला मिळतात. मार्क लेमन संपादक होता. संसदेचं कामकाज दर आठवड्याला खुसखुशीत भाषेत मांडणारा शर्ली ब्रुक्स त्या मेजावर होता. टेनिएल स्वतः हुजूर पक्षाकडे झुकलेला, पंचचा एकूण कल लिबरल. चित्र टेनिएलच्या हातचं, मत मेजाचं.

त्याचं वेळापत्रक त्याने स्वतःच पुढे सांगितलं आहे. बुधवारी रात्री विषय मिळायचा. गुरुवारी विचार आणि कच्चं रेखाटन. शुक्रवारी सकाळपासून ट्रेसिंगच्या कागदावरून रेषा लाकडी ठोकळ्यावर उतरवून दिवसभर ठोकळ्यावर मान मोडून काम. संध्याकाळी साडेसहा-सातला जोसेफ स्वेनचा पोऱ्या दाराशी ठोकळा न्यायला उभा. स्वेन हा पंचचा लाकूडखोदकाम करणारा. पानभर चित्राएवढं बॉक्सवूडचं अखंड लाकूड मिळत नसे, म्हणून ठोकळा लहान लहान तुकडे बोल्टांनी आवळून केलेला असे. घाई असली की तुकडे सुटे करायचे, एकेका कारागिराला एकेक द्यायचा, आणि कोरून झाल्यावर परत आवळायचे. पेन्सिलीची रेघ जिथे आहे तेवढं लाकूड ठेवायचं, बाकीचं खरवडून काढायचं. टेनिएलने काढलेलं मूळ चित्र या कामात नाहीसंच व्हायचं. आज आपण बघतो ती टेनिएलची रेघ कारागिराच्या हत्याराखालून आलेली आहे. टेनिएल माणसं समोर बसवून काढत नसे, आठवणीवर आणि फोटोंवर भागवायचा. विशीत वडिलांशी तलवारबाजी करताना त्याचा एक डोळा गेला होता, हेही जाता जाता सांगायला हवं.

हे एवढं तपशिलात सांगतोय, कारण या वेळापत्रकाने चित्रातला विनोद घडवला. बुधवारी ठरलेलं चित्र पुढच्या बुधवारच्या सुमारास वाचकापुढे यायचं. मधल्या आठवड्यात सरकार पडू शकतं, मतदान फिरू शकतं. कालच्या बातमीवर कोटी करणं या पद्धतीत परवडणारं नव्हतं. लागायचं असं रूपक, जे आठवडाभर शिळं होणार नाही: शर्यत, नाटक, शिकार, शेक्सपियर, जुनी म्हण. आणि या सगळ्या रूपकांत पात्रं लागतात दोन किंवा तीन. वीस लाखांची गर्दी त्यांत मावत नाही.

शर्यत आणि वजनकाटा

२५ मे १८६७च्या अंकातलं चित्र बघा. नाव: 'डर्बी, १८६७. सुधारणा विधेयकावर बसून डिझी विजयी'. डिझरेली जॉकीच्या वेशात, शर्यत जिंकून परतलेला. ग्लॅडस्टन मागे पडलाय. आणि पंच महाराज स्वतः, तो कुबडाचा, लांब नाकाचा बाहुला, म्हणताहेत की इतक्यात खुश होऊ नका, त्याचं वजन तर होऊ द्या.

शर्यतीचा शौक असणाऱ्याला हे लगेच कळेल. शर्यत संपल्यावर जॉकीला खोगिरासकट काट्यावर उभं करतात. ठरलेल्यापेक्षा वजन कमी भरलं तर जिंकलेली शर्यत हातची जाते. इंग्रजीत 'वजन करणं' म्हणजे पारखणंही होतंच. शिवाय डर्बी शर्यत ज्यांच्या नावाने चालते ते बारावे अर्ल ऑफ डर्बी हे पंतप्रधानांचे आजोबा. आणि त्या वर्षीची खरी डर्बी २२ मेला, म्हणजे त्याच आठवड्यात, ऐन मे महिन्यात बर्फ भुरभुरत असताना धावली गेली. 'हर्मिट' नावाचा कुणाच्या खिजगणतीत नसलेला घोडा जिंकला आणि मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज हा तरुण उमराव एक लाख पौंडांहून जास्त गमावून बसला. एका चित्रात पंतप्रधानाचं नाव, देशभर चाललेली सट्टेबाजी, विधेयक आणि शंका, सगळं आलं. टेनिएलच्या राजकीय चित्रांत ही रचना मला सगळ्यात घट्ट वाटते. 'अंधारातली उडी' जास्त गाजली, पण ती एका वाक्प्रचाराचं शब्दशः चित्र आहे. शर्यतीच्या चित्रात युक्तिवाद आहे.

आता तारखांचा हिशेब. नेहमीच्या वेळापत्रकाप्रमाणे हे चित्र १५ मेच्या बुधवारी ठरलेलं असणार. हॉजकिन्सनची दुरुस्ती आली १७ मेला. म्हणजे मेजावरच्या मंडळींनी 'डिझी विजयी' असं लिहिलं तेव्हा तो नेमका किती जिंकणार आहे आणि त्यासाठी काय देऊन बसणार आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. स्वेनचे कारागीर ठोकळा कोरत असताना विधेयकाचा अर्थच बदलून गेला. चित्र मात्र जराही चुकीचं ठरलं नाही, कारण त्यात विधेयकाच्या आत काय आहे त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. घोड्याच्या अंगावर 'सुधारणा विधेयक' लिहिलं की काम भागलं. हा या प्रकारच्या व्यंगचित्राचा गुणही आहे आणि खोटही.

मतदार कुठे आहे?

पंचमध्ये कामगार मतदार आधी दिसला होता. ८ सप्टेंबर १८६६च्या अंकात टेनिएलने जॉन ब्राइट या मताधिकारवादी नेत्याला फ्रँकेन्स्टाइन केलं. त्याने घडवलेला राक्षस म्हणजे एक अवाढव्य कामगार. ब्राइट त्याच्या पुढून चवड्यांवर, जीव मुठीत धरून निसटतोय आणि तोंडाने अडखळत म्हणतोय, 'मला स-सरसकट मताधिकाराची भी-भीती वाटत नाही!' हाइड पार्कचं कुंपण पडून जेमतेम दीड महिना झाला होता. मतदार म्हणजे राक्षस.

३० मार्च १८६७ला बायका दिसल्या. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल संसदेत होता, आणि विधेयकातल्या 'पुरुष' शब्दाच्या जागी 'व्यक्ती' घालावं असं त्याचं म्हणणं होतं. पंचने त्याला बायकांच्या घोळक्यासाठी वाट करून देताना दाखवलं: 'अहो, जरा वाट द्या, या... अं... व्यक्तींना.' २० मेला दुरुस्ती १९६ विरुद्ध ७३ मतांनी पडली. पडली तरी ७३ मतं मिळाली, याचंच तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मँचेस्टरच्या पोटनिवडणुकीत लिली मॅक्सवेल या दुकानदार बाईंचं नाव चुकून यादीत राहिलं होतं. मतदान तोंडी होतं. त्या गेल्या आणि जेकब ब्राइट या लिबरल उमेदवाराचं नाव मोठ्याने सांगून मत देऊन आल्या.

आणि ऑगस्टमध्ये ती काटेरी जाळी. तिच्यात राक्षस नाही, माणूस नाही, कुणीच नाही. हुजूर पक्षाचं सरकार स्वतःच मताधिकार देत असताना कामगाराला राक्षस दाखवणं पंचला अवघड होतं. शहाणा नागरिक म्हणून दाखवणं त्या मेजाला पटणारं नव्हतं. मग तो दिसतच नाही. त्याच्या जागी अंधार येतो. सभ्य वाचकाला यात भीती मिळते आणि कुणाचा अपमानही होत नाही. टेनिएलला सगळे संयमी, घरंदाज व्यंगचित्रकार म्हणत. हा त्या संयमाचा एक खर्च आहे असं मी म्हणेन.

संयम सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नसे, हेही इथे नोंदवायला हवं. डिझरेलीचा बाप्तिस्मा बाराव्या वर्षी झालेला, पण त्याचं ज्यू घराणं पंचने त्याला कधी विसरू दिलं नाही. नाक, कपाळावरची बट, कधी जुने कपडे विकणारा फेरीवाला. ग्लॅडस्टनची थट्टा होई ती त्याच्या लांबलचक भाषणांची आणि सोवळेपणाची. डिझरेलीची थट्टा त्याच्या रक्तावर येई. घोड्याला त्याचं तोंड लावण्यातही ही धार आहेच: देशाला पाठीवर घेऊन उधळणारा हा 'आपला' नाही, असं न बोलता सांगायचं.

दोन नट, एक भूमिका

फेब्रुवारी १८६८मध्ये डर्बी आजारपणामुळे पायउतार झाले आणि डिझरेली पंतप्रधान झाला. तेलकट खांबाच्या टोकाला पोचलो एकदाचा, असं तो म्हणाला. १४ मार्चच्या पंचमध्ये 'प्रतिस्पर्धी तारे'. डिझरेली हॅम्लेटच्या वेशात 'असणे की नसणे' म्हणतोय. ग्लॅडस्टन हातचं काम गेलेला नट, बाजूला उभा राहून दात-ओठ खातोय: हा कसला नायक, हा तर पडेल ती कामं करणारा, असू दे, आमचीही वेळ येईल.

वेळ आली आठ-नऊ महिन्यांत. दरम्यान ग्लॅडस्टनने आयर्लंडच्या सरकारी चर्चचा प्रश्न काढून आपला पक्ष पुन्हा एकत्र बांधला. आयरिश जनता बहुतांश कॅथलिक, आणि राजमान्य चर्च प्रोटेस्टंट. वीस लाख मतदारांसमोर जाताना त्याने मुद्दा निवडला तो हा. डिझरेलीची अटकळ होती की ज्यांना आपण मत दिलं ते आपल्याला मत देतील. असली परतफेड राजकारणात क्वचित होते.

त्या वर्षी पंच एकटा नव्हता. 'फन' हे एका पेनीचं साप्ताहिक लिबरलांच्या बाजूने होतं. 'जूडी' १८६७मध्ये हुजूर पक्षाची कड घेऊनच जन्माला आलं. पंचच्या बायकोचं नाव घेऊन पंचलाच विरोध, ही त्यातली गंमत. 'टॉमहॉक'मध्ये मॅट मॉर्गन रंगाची छटा देऊन मोठी, झणझणीत चित्रं काढायचा आणि राणीलाही सोडत नसे. पंचची किंमत तीन पेनी. वर्तमानपत्रांवरचा स्टॅम्प कर १८५५मध्ये आणि कागदावरचा कर १८६१मध्ये गेल्याने स्वस्त छापील माल बाजारात आला होता. तरी ज्यांना नव्याने मत मिळालं त्या कामगाराने दर आठवड्याला तीन पेनी घालून पंच विकत घ्यावा, ही शक्यता कमीच. पंच घरी घेणाऱ्याला मत बहुधा आधीपासून होतं.

जमिनीवर

मेजावरच्या निवडणुकीत दोन नट होते. यॉर्कशरमधल्या बेव्हर्ली गावात बियर होती. कादंबरीकार अँथनी ट्रोलप तिथे लिबरल उमेदवार म्हणून उभा राहिला. एका जाणत्याने आधीच सांगितलं: तुम्ही निवडून येणार नाही, हजार पौंड घालवाल, मग निकालाविरुद्ध अर्ज कराल, आणखी हजार घालवाल, निवडून आलेल्यांची निवड रद्द होईल, चौकशी आयोग बसेल आणि गावाचा मताधिकारच जाईल. ट्रोलपने आत्मचरित्रात हे नोंदवून ठेवलंय. चार उमेदवारांत तो शेवटचा आला, ७४० मतं. हुजूर पक्षाच्या दोघांना ११३२ आणि ९८६. पुढे अर्ज झाला, आयोग बसला, वर्षानुवर्षांची मतखरेदी बाहेर पडली आणि १८७०मध्ये बेव्हर्लीची जागाच रद्द झाली. भाकितात फार फार तर पौंडांचा आकडा चुकला. ब्रिजवॉटर, कॅशेल आणि स्लायगो यांचीही तीच गत झाली.

मतदान उघड होतं. लाकडी मंचावर उमेदवारांची नावं पुकारायची, समोरच्या गर्दीने हात वर करायचे, आणि कुणी रीतसर मतदान मागितलं की मतदाराने नोंद करणाऱ्यासमोर नाव घेऊन मत द्यायचं. कुणी कुणाला मत दिलं याच्या वह्या अनेक गावांत छापून विकल्या जात. घरमालक, कारखानदार, दुकानातलं गिऱ्हाईक, सगळे ते वाचू शकत. रंगीत फिती, बँडबाजे, गुत्त्यावर फुकट दारू आणि भिंतीभिंतीवर विरोधकाची टर उडवणारी पत्रकं. स्थानिक निवडणुकीचं व्यंग या पत्रकांत होतं; ओबडधोबड, नावनिशीवार आणि दोन दिवसांत फाटून जाणारं. पंचच्या बांधीव खंडांसारखं ते कपाटात राहिलं नाही, म्हणून व्हिक्टोरियन निवडणूक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टेनिएल येतो. १८७२च्या कायद्याने गुप्त मतदान आलं, त्यानंतर त्या वह्या बंद झाल्या.

१८६८च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लागलेला निकाल असा: लिबरल ३८७, हुजूर पक्ष २७१. संसदेचं तोंडही न बघता डिझरेलीने राजीनामा दिला. असं करणारा तो पहिला पंतप्रधान. ग्लॅडस्टन दक्षिण-पश्चिम लँकशरमध्ये हरला आणि ग्रिनिचमधून आला. मिल वेस्टमिन्स्टरमध्ये पडला. त्याला पाडलं डब्ल्यू. एच. स्मिथने, ज्याच्या कुटुंबाची पेढी देशभरच्या रेल्वे स्टेशनांवर वर्तमानपत्रं आणि मासिकं विकायची. तत्त्वज्ञाला पेपरवाल्याने हरवलं, ही त्या निवडणुकीतली अशी गोष्ट आहे जिच्यावर कुणाला व्यंगचित्र सुचण्याचीही गरज नव्हती.

मग चित्रांनी केलं काय

व्यंगचित्राने नेत्याला जखम होऊ शकते, याचा दाखला पंचकडेच होता. १८५१मध्ये जॉन लीचने पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेलला भिंतीवर 'पोपशाही नको' असं खडूने लिहून पळून जाणारा पोरगा म्हणून काढलं. आधीच बुटका असलेला रसेल त्यानंतर कायम 'तो पोरगा' राहिला. त्याने नंतर लीचच्या मुलाला शाळेत जागा मिळवून द्यायला मदत केली असं म्हणतात. खरं असेल तर खेळाडूवृत्ती मोठी. ते चित्र एका विशिष्ट कृतीवर बोट ठेवत होतं: आधी आरडाओरड, मग माघार.

१८६७-६८ची टेनिएलची चित्रं कृतीवर बोट ठेवत नाहीत. ती डाव मांडतात. एका बाजूला डिझी, दुसऱ्या बाजूला ग्लॅडस्टन, मध्ये पंच महाराज पंच म्हणून. शर्यतीत तेच, रंगमंचावर तेच. पुढे १८७०च्या मे महिन्यात दोघं एकमेकांची पुस्तकं नाक मुरडत वाचताना दाखवले, तिथेही तेच. आयरिश चर्च, घरपट्टी, मतखरेदी हे सगळं त्या दोघांच्या कुस्तीतल्या डावपेचांसारखं दिसू लागतं. डिझरेली तोवर पक्षातही संशयास्पद, उपरा मानला जायचा. त्याला ग्लॅडस्टनच्या बरोबरीचा प्रतिस्पर्धी करण्यात, त्याच्यावर सतत हसणाऱ्या या चित्रांचा हात मोठा आहे. १८७४ला तो बहुमताने परत आला तेव्हा देशाला तो नवखा नव्हता. सात वर्षं लोक त्याला वारंवार मुख्य भूमिकेत बघत होते.

आणि अंधारात काय निघालं? फारसं काही नाही. नव्या मतदारांनी निवडून दिलेली १८६८ची संसद जुन्यासारखीच जमीनदार, बँकवाले, वकील आणि कारखानदार यांची होती. पंचची शंका एका अर्थी खरी ठरली, डिझरेलीचं वजन कमी भरलं. आणि भीती साफ खोटी ठरली. गंमत म्हणजे लोकांच्या आठवणीत खोटी ठरलेली भीती राहिली.

आता लॉर्ड क्रॅनबोर्न. १८६७मध्ये या उडीला घाबरून भारतमंत्रिपद सोडणारा हा माणूस पुढे लॉर्ड सॉल्सबरी म्हणून पंतप्रधान झाला. १८८६मध्ये दादाभाई नवरोजी लंडनच्या होबर्न मतदारसंघात पडले होते. त्यावर १८८८च्या नोव्हेंबरमध्ये एडिंबरा इथे सॉल्सबरी म्हणाले, की आपण कितीही पुढे गेलो असलो तरी एखादा ब्रिटिश मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल असं वाटत नाही. त्या वाक्याने गदारोळ झाला. दादाभाईंचं नाव ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही झालं, आणि व्यंगचित्रांना आयता मालमसाला मिळाला. मुंबईत तोवर पंचच्या वळणाचा 'पारसी पंच' चांगला रुळला होता आणि त्याच परंपरेतला बरजोरजी नवरोजींचा 'हिंदी पंच' पुढे काँग्रेसच्या राजकारणावर वर्षानुवर्षं चित्रं काढत राहिला.

१८९२च्या जुलैमध्ये सेंट्रल फिन्सबरीने दादाभाईंना निवडून दिलं, पहिल्या मोजणीत पाच मतांनी. तिथल्या मतदारांत मोठा भरणा होता तो कारागीर, छोटे दुकानदार, भाडेकरू यांचा, म्हणजे शहरातल्या ज्या थराला मत द्यायला क्रॅनबोर्नचा विरोध होता त्याच थराचा. त्याच निवडणुकीत सॉल्सबरींचं सरकार गेलं आणि ८२ वर्षांचा ग्लॅडस्टन चौथ्यांदा पंतप्रधान झाला. पंचच्या मेजावर टेनिएल अजून होताच. पुढच्या वर्षी, ग्लॅडस्टन सत्तेवर असताना, त्याला 'सर' ही पदवी मिळाली. मोठं चित्र तो १९०१च्या जानेवारीपर्यंत काढत होता.